मागच्या आसनावरची बाई



बारामतीच्या विमानतळावरून शिकाऊ विमानं उडतात, ती आपल्या ओळखीची आहेत. आपण उसात खुरपायला वाकलेल्या असतो आणि डोक्यावरून घरघर जाते. जुलै २०२२ मध्ये असंच एक छोटं विमान इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शिवारात कोसळलं. लोक धावले. आत एकटीच मुलगी होती, शिकाऊ वैमानिक. ती वाचली. त्यानंतर आमच्या गटाच्या बैठकीत बरेच दिवस विमानाचाच विषय होता. कोणी म्हणालं, "बायका कधीपासून विमान चालवायला लागल्या?" आणि एका काकींनी विचारलं, "नवरा-बायको जोडीनं कधी विमानातून लांब गेलेत का गं? त्यात बाई काय करायची?" काकींच्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता जी गोष्ट सापडली, ती आज सांगतो.

गोष्ट अमेरिकेतली आहे. चार्ल्स लिंडबर्ग हे नाव तिकडे पोराटोरांना ठाऊक होतं. मे १९२७ मध्ये त्यानं न्यूयॉर्कहून पॅरिसपर्यंत एकट्यानं, कुठंही न थांबता, साडेतेहतीस तासांत अटलांटिक समुद्र ओलांडला होता. दोन वर्षांनी ॲन मॉरो या मुलीशी त्याचं लग्न झालं. लग्नानंतर ॲन विमान चालवायला शिकली, परवाना मिळवला. त्यासोबत तिनं आणखी एक काम शिकून घेतलं, ते म्हणजे बिनतारी यंत्र चालवणं.

आपल्या आयांना तार आठवत असेल. दारात तारवाला आला की काळजात धस्स व्हायचं. ती तार कट्ट-कडकट्ट अशा खुणांनी जायची. एकेका अक्षराची खूण ठरलेली. ॲन त्या खुणा बोटांनी पाठवायला आणि कानांनी ओळखायला शिकली. फरक एवढाच, की तिला हे काम हवेत करायचं होतं.

२७ जुलै १९३१ रोजी, ऐन उन्हाळ्यात, ही दोघं न्यूयॉर्कहून निघाली. तिकडचा उन्हाळा त्या महिन्यांत असतो. पाण्यावर उतरू शकणारं लहान विमान, आसनं दोनच. पुढे चार्ल्स, मागे ॲन. त्यांना बघायचं होतं, की कॅनडा, अलास्का आणि रशियाच्या पूर्व टोकावरून जपान-चीनला जाणारी हवाई वाट होऊ शकते का. त्या बर्फाळ मुलखात शेकडो मैल वस्ती नव्हती. पुढचं हवामान कसं आहे, धुकं आहे का, कुठं उतरता येईल, हे सगळं बिनतारी यंत्रावरच कळायचं. यंत्रासाठी विमानाबाहेर एक लांब तार सोडावी लागे. टोकाला वजन. तार हातानं गुंडाळून सोडायची आणि उतरण्याआधी हातानंच परत ओढून घ्यायची. हे सारं काम मागच्या आसनावर.

जपानच्या उत्तरेला कुरील बेटांवर धुक्यानं वाट अडवली. खालचं काही दिसेना. समुद्रावर उतरावं लागलं. अशा वेळी जपानच्या केंद्राशी बोलणं राहिलं ते ॲनच्या बोटांमुळे, आणि एक जपानी जहाज मदतीला आलं. पुढे चीनमध्ये यांगत्से नदीला महापूर आला होता. किती मुलूख बुडाला हे वरून पाहायचं काम दोघांनी केलं. तेव्हा ॲननं विमान चालवलं आणि चार्ल्सनं नकाशे काढले. ऑक्टोबरमध्ये त्याच नदीच्या ओढीत विमान उलटलं. दोघांनी पाण्यात उड्या घेतल्या. त्यानंतर तीन दिवसांत ॲनचे वडील वारले आणि ती दोघं बोटीनं घरी परतली.

आता निघतानाची गोष्ट ऐका. पत्रकार जमले होते. नवऱ्याला त्यांनी वाट आणि यंत्र विचारलं. बायकोला विचारलं कपड्यांचं आणि जेवणाच्या डब्यांचं. ॲनला ते लागलं. पुढे १९३५ मध्ये तिनं या प्रवासावर पुस्तक लिहिलं, त्यात तिनं ते सांगून टाकलं.

आणखी एक गोष्ट. तिचं बाळ तेव्हा जेमतेम वर्षाचं होतं. ते आजी-आजोबांकडे ठेवून ती गेली होती. दुसऱ्या वर्षी, १ मार्च १९३२ च्या रात्री, त्या बाळाला घरातून पळवून नेलं आणि त्याचा जीव घेतला. आपल्याकडे असं काही झालं, तर पहिलं बोट आईकडे जातं: "ही फिरत होती ना!" म्हणून हे नीट सांगतो. बाळ गेलं त्या रात्री आई घरातच होती. आणि ती चीनमध्ये होती, तेव्हा बाळ सुखरूप होतं. बैठकीला किंवा प्रशिक्षणाला तालुक्याला जाताना लेकरू सासूबाईंकडे ठेवणाऱ्या प्रत्येकीनं हे लक्षात ठेवावं.

ॲन खचली, पण बसून राहिली नाही. १९३३ मध्ये दोघं पुन्हा निघाली, पाच महिने, अटलांटिकच्या दोन्ही काठांनी. १९३४ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल जिओग्राफिक सोसायटीनं तिला हबर्ड पदक दिलं. ते मिळवणारी ती पहिली स्त्री. ते तिला सहवैमानिक आणि बिनतारी चालक म्हणून मिळालं, कुणाची बायको म्हणून नव्हे. १९३७ च्या सुरुवातीला ही जोडी छोट्या विमानातून इंग्लंडहून आपल्या देशात, कलकत्त्यापर्यंत आली होती. ॲन तेव्हा गरोदर होती. मे महिन्यात तिला मुलगा झाला.

काकींच्या प्रश्नाचं उत्तर असं आहे. बाई मागे बसून वाट शोधत होती, खबर आणत होती, आणि वेळ आली की विमानही चालवत होती. तरी आजही लोक त्या उड्डाणांना "लिंडबर्गची उड्डाणं" म्हणतात आणि मनात एकटा चार्ल्स आणतात.

हे ऐकून आमच्या गटात शांतता पसरली. मग एकजण म्हणाली, "आमच्या उसाची कारखान्यात नोंद मालकांच्या नावावर. लागण, खुरपणी, रातच्या लायटीला पाणी धरणं यात मी आहे, पावतीवर नाही." सातबारावर आपलं नाव आहे का, असं विचारल्यावर बैठकीत थोडेच हात वर झाले.

काळ थोडा पुढे सरकलाय. मे २०१९ मध्ये मुंबईच्या आरोही पंडितनं अगदी हलक्या विमानातून एकटीनं अटलांटिक ओलांडला. तिथं मागचं-पुढचं आसन असा प्रश्नच नव्हता. पण आपल्यापैकी बहुतेकींचा संसार दोन आसनांचाच आहे, आणि त्यात आपल्याला जोडीनंच जायचंय. भांडण नवऱ्याशी नाही. सांगणं नोंदीचं आहे.

म्हणून पुढच्या बैठकीला येताना घरचा सातबारा घेऊन या. एकत्र बसून वाचू. कुणाचं नाव आहे, कुणाचं नाही, ते वहीत लिहू. आणि तलाठ्याकडे जायचं ठरलं, तर चौघी-पाचजणी मिळून जाऊ.

वरून विमान गेलं की हात हलवायला विसरू नका. आत कदाचित आपलीच एखादी लेक असेल.