करिअर शिक्षणातील क्षेत्रभेट व अतिथी व्याख्यान (शहापूर आणि मुरबाड तालुके)

विद्यार्थ्यांना व्यवसायांची ओळख व्हावी म्हणून शाळा त्यांना प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी घेऊन जाते ती क्षेत्रभेट. तेच काम करणाऱ्या माणसाला शाळेत बोलावून मुलांशी त्याची गाठ घालून दिली जाते ते अतिथी व्याख्यान. शैक्षणिक सहलीशी क्षेत्रभेटीची नेहमी गल्लत होते. सहलीत ठिकाण पाहिले की भागते. क्षेत्रभेटीत मात्र तिथे काम करणाऱ्याला विचारायचे असते : तुम्ही इथवर कसे आलात, शिक्षण किती झाले, दिवसभर काय करता, हातात किती पडते. दहावीच्या भूगोलाच्या पाठ्यपुस्तकातला पहिलाच पाठ ‘क्षेत्रभेट’ आहे. प्रश्नावली आणि नोंदी यांची रीत शिक्षकांना तिथून आयती मिळते.

पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी वेगळा झाला. त्यानंतर ठाणे जिल्ह्यात उरलेल्या सात तालुक्यांत सह्याद्रीला टेकलेले शहापूर आणि मुरबाड हे सर्वांत ग्रामीण. शहापूर तालुका संपूर्णपणे आणि मुरबाड अंशतः अनुसूचित क्षेत्रात मोडतो. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली, कुणबी, आगरी अशी इथली वस्ती. भातशेती, भाजीपाला, आणि दिवाळीनंतर वीटभट्टी, हे अनेक घरांचे वर्षाचे चक्र आहे. मुलांना माहीत असलेली नोकरीची यादी शिक्षक, पोलिस, तलाठी, ग्रामसेवक, आशाताई, एस.टी.चे चालक-वाहक अशी चटकन संपते. यात केवळ खेड्याचा दोष नाही. ‘ओईसीडी’ या आंतरराष्ट्रीय संघटनेने जानेवारी 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात 41 देशांतील पंधरा वर्षांच्या मुलांची स्वप्ने तपासली होती. 47 टक्के मुलगे आणि 53 टक्के मुली त्याच त्या दहा लोकप्रिय व्यवसायांची नावे घेत होत्या. शहरातल्या मुलाला दहाच्या पलीकडचे काही काका, मामा, शेजारी यांच्याकडून कळते. वाडीवरच्या मुलासाठी ते काम शाळेलाच करावे लागते.

या दोन तालुक्यांची विशेष गोष्ट अशी, की मोठी कामे इथे दारातच आहेत. मुंबईला पाणी पुरवणारी तानसा (1892) आणि भातसा ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत. मुंबई–नाशिक लोहमार्ग आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा असा इथूनच घाट चढतो. वाशिंदला पोलादी पत्र्याचा कारखाना आहे, मुरबाडला औद्योगिक वसाहत आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये वाहतुकीला खुला झाला, तोही शहापूर तालुक्यातूनच जातो. पण या सगळ्याची तोंडे मुंबईकडे. धरण उशाला असून उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावातल्या मुलाला धरणावर कोण कोण कामाला असते हे सांगता येत नाही. सुरक्षारक्षक आणि रोजंदारीचा मजूर एवढेच त्याने फाटकाबाहेरून पाहिलेले असतात. क्षेत्रभेटीचे इथले पहिले काम हे फाटक उघडण्याचे आहे. मुंबईतली काचेची कार्यालये दाखवणे त्यानंतर, आणि वेळ-पैसा उरलाच तर.

कसाऱ्याचे उदाहरण घ्यावे. कसारा–इगतपुरी लोहमार्ग 1865 पासून सुरू आहे. या मार्गावरच्या थळ (कसारा) घाटात दर 37 मीटरला एक मीटर असा चढ आहे, त्यामुळे वर जाणाऱ्या गाड्यांना मागून रेटायला जादा ‘बँकर’ इंजिने जोडावी लागतात. हे दृश्य परिसरातली मुले लहानपणापासून पाहतात. ते घडवून आणणारी माणसे किती प्रकारची असतात हे मात्र भेट दिल्याशिवाय कळत नाही : लोको पायलट आणि सहायक लोको पायलट, स्टेशन मास्तर, पॉइंट्समन, सिग्नल दुरुस्त करणारा तंत्रज्ञ, पावसाळ्यात दरडीवर नजर ठेवून रुळांवरून चालत जाणारा गस्तकर्मी. यांतल्या काही पदांना दहावी पुरते, काहींना आयटीआय लागते, काहींना पदवी. एकाच फलाटावर शिक्षणाची सगळी शिडी उभी दिसते. पाण्याच्या बाबतीतही असेच आहे. धरण, जलवाहिनी आणि भिवंडीजवळच्या पांजरापूरचे जलशुद्धीकरण केंद्र ही एकाच दिवसाची भेट होऊ शकते, आणि प्रयोगशाळेत पाण्याचा नमुना तपासणारी स्त्री पाहिली की रसायनशास्त्राच्या धड्याकडे मुली वेगळ्या नजरेने पाहू लागतात.

शिक्षणाला कामाशी जोडण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. जोतीराव फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शाळांत शेतीचे प्राथमिक ज्ञान द्यावे असे म्हटले होते. 1937 साली वर्ध्याला हातच्या कामातून शिक्षण देणाऱ्या ‘नई तालीम’ची मांडणी झाली. कोठारी आयोगाने (1964–66) कार्यानुभवाचा आग्रह धरला. जुन्या ठाणे जिल्ह्यातच, आता पालघरमध्ये गेलेल्या बोर्डी-कोसबाड परिसरात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरवली. मुले शाळेत येत नाहीत तर शाळेने कुरणात जावे, हा त्यांचा न्याय. पुणे जिल्ह्यात पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली विज्ञान आश्रम सुरू केला. तिथल्या अभ्यासक्रमात मुले आठवड्यातला एक दिवस अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य ही कामे हाताने करतात, शिक्षक म्हणून गावातलाच कारागीर येतो आणि तयार झालेली सेवा गावाला विकली जाते. अतिथी व्याख्यानाचा याहून सरस नमुना आपल्याकडे क्वचितच सापडेल. तिथला पाहुणा भाषण न करता वेल्डिंग शिकवतो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवसांचा दप्तराविना कालावधी सुचवला असून त्यात सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशा स्थानिक जाणकारांजवळ काम शिकण्याची अपेक्षा आहे. समग्र शिक्षा योजनेत नववी ते बारावीच्या व्यवसाय शिक्षणासाठी क्षेत्रभेटी आणि बाहेरचे तज्ज्ञ यांच्यावरील खर्चाची तरतूद आहे. कागद असा पुरेसा आहे.

उपयोगाचे पुरावे काय? इंग्लंडमध्ये 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, शाळेत असताना नोकरी देणाऱ्यांशी किंवा नोकरदारांशी चार किंवा अधिक वेळा संपर्क आलेले तरुण पुढे बेकार व शिक्षणाबाहेर राहण्याची शक्यता, असा संपर्क मुळीच न आलेल्यांच्या तुलनेत पाचपटीने कमी आढळली. हा सहसंबंध आहे. कारण सिद्ध झाले असे म्हणता येत नाही. अधिक भक्कम पुरावा अमेरिकेतल्या आर्कान्सामधला. तिथे एका नव्या कलासंग्रहालयाच्या भेटीसाठी सोडतीने निवडलेल्या आणि न निवडलेल्या शाळांची तुलना झाली. सुमारे अकरा हजार विद्यार्थी त्यात होते, आणि चिकित्सक विचारावर झालेला परिणाम ग्रामीण व गरीब मुलांत इतरांहून ठळक होता. विषय चित्रकलेचा असला तरी निष्कर्ष शहापूरच्या शिक्षकाला परका वाटू नये : ज्याने कमी पाहिले आहे त्याला एका भेटीतून जास्त मिळते.

पाहुणा कोण असावा, यावर बरेच ठरते. रूढ पद्धत म्हणजे साहेब येतात, शाल-श्रीफळ होते, ‘जिद्द ठेवा, मोठे व्हा’ असे सांगतात आणि गाडीत बसून जातात. मुले टाळ्या वाजवतात. त्यांच्या हाती काही लागत नाही, कारण साहेबांच्या खुर्चीपर्यंतची पहिली पायरी कुठे आहे हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. याउलट त्याच आश्रमशाळेतून तीन-चार वर्षांपूर्वी बाहेर पडून परिचारिका किंवा फिटर झालेली मुलगी वसतिगृहाचा अर्ज कधी भरायचा, पहिल्या महिन्यात कशाने रडू आले, पहिला पगार किती होता हे सांगते. तिचे बोलणे ठाकरी-कातकरी वळणाचे असले तर आणखीच चांगले. प्रश्न मोकळेपणाने येतात. शहापूरच्या कातकरी तरुणांनी गुळवेल गोळा करून विकण्यापासून सुरुवात केली आणि आदिवासींच्या वनोपजासाठीच्या सरकारी वनधन केंद्राच्या मार्फत औषधकंपन्यांना माल पुरवण्यापर्यंत मजल मारली. 2021 मध्ये केंद्र सरकारने हे उदाहरण देशभर सांगितले. ज्या वनस्पतीवरून मुले रोज चालत जातात तिच्या व्यापाराचा हिशेब मांडणारा असा माणूस हा या भागातला अस्सल तज्ज्ञ. मुरबाड-शहापूरकडून परदेशी जाणाऱ्या भेंडीची प्रतवारी आणि पॅकिंग करणाऱ्यांनाही हे लागू पडते. शेतीत राम राहिला नाही असे घरी रोज ऐकणाऱ्या मुलांनी त्यांना भेटलेच पाहिजे.

अडचणींत पैशापेक्षा दिनदर्शिका मोठी आहे. शाळांच्या सहली आणि भेटी प्रथेने डिसेंबर-जानेवारीत निघतात. नेमक्या त्याच काळात स्थलांतरित कुटुंबांची मुले भिवंडी-कल्याणच्या वीटभट्ट्यांवर असतात. ज्यांनी पाहावे तीच मागे राहतात, आणि हजेरीपटावर भेट झाल्याची नोंद होते. पावसाळ्यात नेणे धोक्याचे. माळशेज आणि कसारा घाटांत दरडी कोसळतात, ओढ्यांना अचानक पाणी येते. उरतो पाऊस ओसरल्यापासून दिवाळीपर्यंतचा काळ. सत्र परीक्षा सांभाळून तो वापरणे शक्य आहे, पण त्यासाठी वर्षाचे नियोजन जूनमध्येच करावे लागते. दुसरी अडचण जबाबदारीची. फेब्रुवारी 2016 मध्ये मुरुडच्या समुद्रात पुण्याचे महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाल्यानंतर सहलींचे नियम कडक झाले, ते योग्यच होते. मात्र परवानगीच्या कागदांना कंटाळून मुख्याध्यापक भेटच टाळतात, तेव्हा सुरक्षित कारखानाही धोकादायक समुद्राच्या यादीत जाऊन बसतो. मुरबाडला रेल्वे नाही, त्यामुळे एस.टी. किंवा खासगी गाडीवाचून गत नाही. मुलींच्या बाबतीत परतायला अंधार पडेल या एका कारणावरून घरून नकार येतो. सोबत शिक्षिका असणे आणि पाचच्या आत गावात पोहोचणे यांनी तो बराच विरघळतो.

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भेट तालुक्याच्या शासकीय आयटीआयची आहे. दहावीनंतर एक-दोन वर्षांत वीजतंत्री, जोडारी अशी कामे तिथे शिकवली जातात, आणि नंतर 1961 च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली कारखान्यात विद्यावेतनावर उमेदवारी करता येते. कार्यशाळेत लेथवर उभे असलेले मूल बहुधा शेजारच्याच गावचे निघते. त्याच फेरीत दाखले काढून देणाऱ्या कार्यालयातल्या कर्मचाऱ्याला अर्धा तास बोलते करावे. आदिवासी विद्यार्थ्याला व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेसाठी जातवैधता प्रमाणपत्र लागते, त्याची पडताळणी समिती ठाण्याला आहे, आणि आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या दाखल्यांपासून पुरावे जमवावे लागतात. ज्या घरात शाळेत जाणारी ही पहिलीच पिढी आहे तिथे असा जुना दाखला नसतो, मग महसुली नोंदी धुंडाळाव्या लागतात. ही माहिती बारावीच्या निकालानंतर मिळाली तर वर्ष वाया जाते. नववीत मिळाली तर तीन वर्षे हाताशी राहतात.