फांदी आधी तुटली, कावळा नंतर आला: लंडनची आग, १६६६

मागच्या वेळी आपण ‘कारण’ या शब्दाचा विचार न्यायदर्शनाच्या अंगाने केला. आज तोच शब्द इतिहासात कसा वागतो ते पाहू. त्यासाठी आपल्याला १६६६ सालच्या लंडनमध्ये जायचं आहे. शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले ते हेच साल, ऑगस्ट महिना. त्यानंतर थोड्याच दिवसांत, रविवार २ सप्टेंबरला, मध्यरात्र उलटून गेल्यावर पुडिंग लेन नावाच्या बोळात थॉमस फॅरिनर या पाववाल्याच्या घराला आग लागली. घरची माणसं वरच्या खिडकीतून शेजाऱ्याच्या घरात गेली. मोलकरणीचा धीर झाला नाही, ती तिथेच गेली. पुढे चार दिवस शहर जळत होतं. १३,२०० घरं, ८७ चर्च आणि सेंट पॉल्स कॅथीड्रल, एवढ्यांची राख झाली.

आता आपण विचारू, कशामुळे? भट्टीतली ठिणगी, असं उत्तर येईल. पण ठिणगी हे निमित्त. लंडनमध्ये भट्ट्या रोजच पेटत होत्या, शहर रोज जळत नव्हतं. त्या वर्षी उन्हाळा लांबला होता, लाकूड वाळून कोळ झालं होतं. घरं लाकडाची, आणि वरचे मजले रस्त्यावर इतके पुढे काढलेले की समोरासमोरची छपरं जवळजवळ टेकायची. जवळच टेम्स नदीकाठी वखारी होत्या, डांबर, तेल, चरबी, कोळसा यांनी भरलेल्या. वर पूर्वेचा सोसाट्याचा वारा. आणि पहिल्या काही तासांत घरं पाडून आगीची वाट तोडायची, तर महापौर ब्लडवर्थ मालकांच्या परवानगीत अडकला. शेवटी आरमाराच्या कचेरीतला अधिकारी सॅम्युएल पीप्स राजाकडे गेला, दुसऱ्या चार्ल्सने हुकूम दिला, पण तोवर आग माणसांच्या पुढे धावत होती. वारा पडला आणि सुरुंगाच्या दारूने घरं उडवली, तेव्हा कुठे ती आटोक्यात आली.

म्हणजे कारण एक नाही, कारणांची मोळी आहे. पण मोळीवर रागावता येत नाही. राग धरायला माणूस लागतो.

इंग्लंडचं तेव्हा डच आणि फ्रेंचांशी युद्ध चालू होतं. आदल्याच महिन्यात इंग्लिश आरमाराने एक डच गाव जाळलं होतं. तेव्हा हा सूड असणार, असं लोकांनी ठरवून टाकलं. त्यात टपालाची कचेरी जळाली, ‘लंडन गॅझेट’चा छापखाना जळाला. बातमी थांबली की अफवा चालू लागते. रस्त्यात परदेशी दिसला की लोक मारू लागले. कॅथलिकांवर संशय होताच.

अशात रॉबर्ट ह्यूबर्ट हा फ्रेंच तरुण सापडला. रूआँ गावचा, घड्याळजीचा मुलगा. तो म्हणाला, आग मी लावली. आधी सांगितलं वेस्टमिन्स्टरमध्ये लावली, पण तिथे आग पोचलीच नव्हती. मग जबानी बदलली, पाववाल्याच्या खिडकीतून पेटता गोळा टाकला म्हणाला. सांगतात, त्या घराला तशी खिडकीच नव्हती! राजाचा मंत्री क्लॅरेंडन याने पुढे लिहून ठेवलं की याच्या बोलण्यावर न्यायाधीशांचाही विश्वास नव्हता, तो भ्रमिष्ट वाटत होता. तरीही ऑक्टोबरमध्ये त्याला टायबर्नला फाशी दिलं. नंतर ज्या जहाजातून तो आला त्याच्या कप्तानाने सांगितलं की आग लागल्यावर दोन दिवसांनी तो लंडनला उतरला होता. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडते, असं आपण म्हणतो. इथे फांदी आधी तुटली आणि कावळा दोन दिवसांनी आला!

शब्दप्रमाण म्हणजे आप्ताचं वचन, हे आपण पाहिलं आहे. स्वतःच्या विरुद्ध बोलतो म्हणून माणूस आप्त ठरत नाही. पण ऐकणाऱ्याला हवं तेच तो बोलत असला, तर प्रमाण तपासायला सवड कुणाला असते?

आरोपपत्रावर फॅरिनर घराण्यातल्या तिघांच्या सह्या आहेत. भट्टी मी नीट विझवली होती, असं तो सांगत राहिला. मग खरा दोषी हाच, असं आपल्याला पटकन वाटतं. इथे जरा थांबायला हवं. एक माणूस खाली उतरवून त्याच जागी दुसरा चढवला, तर आपलंही काम त्या जमावासारखंच झालं.

गंमत अशी की त्याच शहराने त्याच काळात योग्य प्रश्नही विचारला. सरकारी चौकशीतून कट सिद्ध झाला नाही. ईश्वरी कोप, वारा आणि कोरडा हंगाम, असा निष्कर्ष निघाला. १६६७ च्या कायद्याने घरं विटांची किंवा दगडाची बांधायची ठरलं, रस्ते रुंद करायचे ठरले. करारांप्रमाणे जळालेलं घर बांधायचा भार पुष्कळदा भाडेकरूवर पडत होता. त्यासाठी खास न्यायालय बसलं. आग कोणी लावली हे त्याने विचारलं नाही, आता हा भार कुणाला किती पेलवेल एवढंच पाहिलं. शहर उभं राहिलं ते या प्रश्नावर.

पण दगडावर कोरलं गेलं ते दुसरंच. आगीचं स्मारक म्हणून २०२ फूट उंच स्तंभ बांधला, तो १६७७ मध्ये पुरा झाला. १६८१ मध्ये त्यावर कॅथलिकांना दोष देणारा मजकूर जोडला. पुडिंग लेनमधल्या पाटीवर तर ह्यूबर्टचं नावच आलं. कॅथलिक राजा आल्यावर, १६८५ मध्ये, स्तंभावरचा मजकूर काढला. राजा गेल्यावर, १६८९ मध्ये, पुन्हा कोरला. कायमचा पुसला १८३० मध्ये. निरपराध माणसाला फाशी द्यायला दोन महिने पुरले, खोटं पुसायला दीडशे वर्षं लागली.

१९८६ मध्ये लंडनच्या पाववाल्यांच्या जुन्या संघाने पुडिंग लेनमध्ये एक पाटी लावली. राजाचा पाववाला थॉमस फॅरिनर याचं दुकान इथे जवळच होतं आणि आग तिथे सुरू झाली, एवढंच तिच्यावर आहे. कोणी लावली, ते नाही. आज आपण इथे थांबू. पुढच्या वेळी याच प्रश्नाची दुसरी बाजू घेऊ: दोषी नसला, तरी जबाबदारी असू शकते का?