तेरणाकांठचे बिनतारी संदेश : एक उपेक्षित इतिहाससाधन

तगर म्हणजेच हल्लींचें तेर, हें फ्लीटनें १९०१ सालीं प्रतिपादिल्यापासून येथील त्रिविक्रमाचें विटांचें देऊळ व तेरणाकांठच्या पांढरींतील अवशेष संशोधकांच्या परिचयाचे झाले आहेत. 'पेरिप्लस'कारानें तगर पैठणापासून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर सांगितलें असून, तेथील माल गाड्यांनीं भडोचेस जात असल्याचें लिहिलें आहे. वार्ताहि बहुधा त्याच गतीनें जात असावी. प्रस्तुत विषय मात्र याच नदीच्या कांठच्या, क्षणांत पोंचणाऱ्या वार्तांचा आहे.

३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं, तेरणेच्या खालच्या अंगास किल्लारी-सास्तूर टापूंत भूकंप झाला. आदल्या दिवशीं अनंतचतुर्दशी. गणपतीचें विसर्जन करून लोक निजले होते. दगडमातीच्या जाड भिंती व मातीच्या भाराचीं माळवदें कोसळून हजारों माणसें गाडलीं गेलीं. किल्लारी लातूर जिल्ह्यांत व सास्तूर उस्मानाबाद, म्हणजे आतांच्या धाराशिव, जिल्ह्यांत; परंतु १९८२ पर्यंत हा सर्व मुलूख एकाच जिल्ह्यांतला होता.

या आपत्तींत हौशी बिनतारी संदेशकांनीं, म्हणजे ज्यांस 'हॅम' म्हणतात त्यांनीं, निर्वेतन सेवा केली. सरकारी परीक्षा देऊन परवाना मिळविलेले हे लोक. यांचा संच मोटारीच्या बॅटरीवर चालतो. त्यास तारेची गरज नाहीं. आखूड लहरी आकाशांतील उंच थरावरून परावृत्त होऊन शेंकडों कोस जातात. हातांतील लहान यंत्राचा पल्ला मात्र थोडा. म्हणून एक मुख्य ठाणें व भोंवतीं लहान ठाणीं अशी योजना करितात. मुख्य ठाण्याच्या अनुज्ञेवांचून कोणीं बोलावयाचें नाहीं. निरोप कोणाचा, कोणास व केव्हांचा, हें लिहून ठेवावयाचें. ही शिस्त जुन्या चिटणिशी दफ्तराहून फारशी निराळी नाहीं.

१९७८ च्या नियमांप्रमाणें परवानाधारकास संभाषणांची नोंदवही ठेवावी लागते. तींत तारीख, वेळ व दुसऱ्या ठाण्याचें संकेतनाम असतें. बखर व समकालीन पत्र यांतील भेद वाचकांस विदित आहेच. ही वही पत्राच्या योग्यतेची आहे. तींत निरोपाचा आशय सहसा नसतो, हें खरें. परंतु निरोपांचे सुटे कागद व हयात संदेशकांच्या जबान्या यांशीं ती ताडून पाहिल्यास, कोणत्या गांवाची खबर केव्हां पोंचली व कोणतें ठाणें मुकें राहिलें, हें निश्चित करितां येईल.

याचा उपयोग केवळ इतिहासापुरता नाहीं. २००५ च्या आपत्ति-व्यवस्थापन कायद्यानें जिल्ह्यास जिल्हाधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालीं प्राधिकरण मिळालें. स्थानिक यंत्रज्ञ स्वयंसेवकांची यादी, त्यांचे संच व ठाण्यांच्या जागा आधींच ठरवावयाच्या असतील, तर १९९३ चा अनुभव पुराव्यानिशीं समोर असला पाहिजे.

परंतु या वह्या खासगी घरांत आहेत, आणि तीस वर्षें उलटून गेलीं. कुळकर्ण्यांचीं कित्येक दफ्तरें वाण्याच्या पुड्यांत गेलीं. तीच गति यांची होण्यास एक घरबदल पुरे आहे. तेरच्या संग्रहालयानें सातवाहनकालीन मृण्मूर्ति जपल्या. त्याच जिल्ह्याच्या कालच्या संकटाचे कागद नष्ट होऊं देणें उचित नव्हे. तरी संग्राहकांनीं आपापल्या गांवीं शोध घेऊन अशा वह्यांच्या नकला करवाव्या, मूळ प्रत धन्यास परत द्यावी व यादी मंडळाकडे धाडावी, अशी विनंती आहे.