‘ग्रेव्ह’: नदीकाठच्या वाळूपासून संपापर्यंत

फ्रेंच भाषेत संपाला ‘ग्रेव्ह’ म्हणतात. याच शब्दाचा ‘रेताड किनारा’ असाही अर्थ असून तोच मूळचा होय. खडीवाळूसाठी अभिजात लॅटिनमध्ये ‘ग्लारेआ’ हा शब्द होता. ‘ग्रेव्ह’ त्यावरून आलेला नाही. गॉल प्रांतातील केल्टिक भाषेतला शब्द बोलीलॅटिनने ‘ग्राव्हा’ या रूपात स्वीकारला, असे व्युत्पत्तिकार मानतात. इंग्रजीतील ‘ग्रॅव्हल’ त्याच कुळातला.

चंद्रभागेचे म्हणतात त्या अर्थाचे वाळवंट पॅरिसमध्ये सेन नदीच्या उजव्या तीरावर होते. सातव्या लुईने ११४१ मध्ये ही जागा सत्तर लिव्हर घेऊन नागरिकांकडे सोपविली. तेथे धान्य, दारू, लाकूड, गवत यांच्या नावा लागत. साहजिकच हमाल व रोजंदार मजूर कामाच्या प्रतीक्षेत तेथे उभे राहत. ‘ग्रेव्हवर असणे’ म्हणजे काम नसणे, काम शोधणे. एकोणिसाव्या शतकात मात्र हाच वाक्प्रचार, मजुरी पटत नाही म्हणून हातचे काम सोडणाऱ्यांना लावला जाऊ लागला. काम मागणाऱ्याचा शब्द काम नाकारणाऱ्याचा झाला! मजुरी न पटलेला कामगार पुन्हा त्याच चौकात जाऊन उभा राहत असे, हे लक्षात घेतल्यास हा उलटा प्रवास अनाकलनीय वाटत नाही. संपाची कृती अर्थातच शब्दाहून जुनी आहे. लियाँच्या मुद्रणकामगारांनी १५३९ मध्ये काम बंद ठेवले, तेव्हा त्याला ‘त्रिक’ म्हटले गेले.

कायद्याची भाषा निराळी होती. १७९१ चा ल शापलिये कायदा आणि १८१० ची दंडसंहिता यांच्या दृष्टीने कामगारांची अशी एकजूट हा गुन्हाच होता. १८६४ मध्ये तो गुन्हा रद्द झाला, १८८४ मध्ये कामगार संघटनांना मान्यता मिळाली, आणि १९४६ च्या राज्यघटनेच्या प्रास्ताविकेत ‘ग्रेव्हचा हक्क’ नमूद झाला. चौकाचे नाव १८०३ मध्येच बदलून नगरभवनाचा चौक असे झाले होते.

भगिनीभाषांनी वेगळ्या वाटा धरल्या. इटालियन ‘शोपेरो’च्या मुळाशी लॅटिन ‘ओपेरा’ म्हणजे काम आहे. त्यातून बाहेर पडणे हा त्याचा अर्थ. स्पॅनिश ‘वेल्गा’ विसाव्याच्या क्रियापदावरून आला, आणि त्याचे मूळ लॅटिन ‘फॉलिस’, म्हणजे भाता, या शब्दात आहे: धापा टाकणे, मग दम खाणे. (आपल्याकडील ‘संप’ गुजरातीत आजही एकोप्याचा वाचक आहे, हे येथे सहज आठवावे.) पोर्तुगीज व रुमानियन भाषांनी मात्र स्वतंत्र शब्द न घडविता फ्रेंचांचा ‘ग्रेव्ह’च उसना घेतला, तुर्की भाषेतही तो ‘ग्रेव’ म्हणून रूढ आहे.