छताजवळून दिसलेले पाय

आत्मा शरीर सोडून फिरून येतो, असे किस्से तुमच्या रील्समध्ये रोज येत असतील. मला मात्र जिनिव्हातली 2002 सालची गोष्ट जास्त भारी वाटते.

ओलाफ ब्लांके आणि सहकारी 43 वर्षांच्या एका बाईंना फिट्स मेंदूत नेमक्या कुठून येतात, ते शोधत होते. आत्मा शोधायला कुणीच बसलं नव्हतं! मेंदूवर इलेक्ट्रोड बसवलेले, बाई पूर्ण जाग्या. उजव्या अँग्युलर गायरसला हलका करंट दिला, तर त्यांना वाटलं आपण पलंगात रुततोय, उंचावरून पडतोय. करंट 3.5 मिलीअँपिअर केला आणि बाई थेट वर! पुढच्या खेपांना तर पलंगापासून साधारण 2 मीटरवर, छताजवळ तरंगतोय असं वाटलं.

पण खाली दिसले फक्त स्वतःचे पाय आणि कमरेकडचा भाग. चेहरा नाहीच. खरंच वर गेलेल्याला अख्खं शरीर दिसायला नको का? तोल आणि स्पर्शाचे संदेश जुळवताना मेंदू चुकला, असा अंदाज त्यांनी ‘नेचर’मध्ये मांडला. एका पेशंटवरून आत्म्याचा निकाल लागत नाही, हे मान्य.

नंतर त्यांना वाकवलेल्या पायांकडे बघायला सांगून पुन्हा करंट दिला. पाय वेगाने तोंडावर येताहेत असं वाटून बाईंनी चक्क अंग चुकवलं.