मुंबईची आकाशरेषा

डोंगरावरील नगराचें रूप दुरूनच दिसूं लागतें; सपाट प्रदेशांतील नगराचें रूप बहुधा त्याच्या वेशींत शिरेपर्यंत कळत नाहीं. समुद्रकांठच्या नगराची गोष्ट या दोहोंहून निराळी आहे. त्याच्या इमारतींनीं आकाशावर काढलेली रेषा पुढील मोकळ्या पाण्यामुळें अखंड दिसते. आणि ज्यास ती वाचतां येते त्यास, कोणत्या काळीं त्या नगरांत कोणाचें वर्चस्व होतें, हें बखरीचें पान न उलगडतांही सांगतां येईल. मात्र ती वाचण्यासाठीं उभें कोठें राहावें, हें आधीं ठरवावें लागतें. मुंबईपुरतें या प्रश्नाचें उत्तर दर दोन-तीन पिढ्यांनीं बदलत आलें आहे, आणि त्या बदलांतच या शहराचा बराचसा इतिहास सांठविलेला आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस मुंबई पाहण्याचीं स्थळें म्हणजे बंदरांतील जहाजें आणि बेटांवरील टेकड्या. सवाई माधवराव व नाना फडणवीस यांचें प्रसिद्ध चित्र काढणारा स्कॉटिश चितारी जेम्स वेल्स यानें मुंबई बेटाचीं व आसपासच्या प्रदेशाचीं बारा दृश्यें रेखाटलीं. तीं त्याच्या मृत्यूनंतर १८०० सालीं प्रसिद्ध झालीं. त्या काळची मुंबई तटाच्या आंत मावणारी होती. त्या तटाबाहेर, तोफांच्या माऱ्याच्या आड कांहीं येऊं नये म्हणून, सरकारनें विस्तीर्ण मैदान मोकळें राखलें होतें. गोविंद नारायण माडगांवकरांचें ‘मुंबईचें वर्णन’ १८६३ सालीं बाहेर पडलें, तेव्हां तट अद्याप उभा होता. त्यानंतर थोड्याच वर्षांत, गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या कारकीर्दींत, तो जमीनदोस्त झाला. तट गेला, परंतु मैदानाचा मोठा भाग राहिला. आणि त्याच्या कडेला विद्यापीठ, उच्च न्यायालय आणि राजाबाई टॉवर यांची भव्य रांग १८७८ च्या सुमारास पुरी झाली. कापसाच्या तेजींत कुबेर व मंदींत कंगाल झालेले शेट प्रेमचंद रायचंद यांनीं आपल्या मातोश्रींच्या नांवें दिलेल्या देणगींतून हा मनोरा उभा राहिला. त्याची उंची २८० फूट. त्या वेळीं या इमारतींसमोर मैदान, आगगाडीचा रस्ता आणि त्यापुढें समुद्र, एवढेंच काय तें होतें. अर्थात् त्यांचें खरें दर्शन पश्चिमेकडून, पाण्यावरून घडे.

तो समुद्रच पुढें मागें हटविण्यांत आला. बॅक बे भरून काढण्याची कल्पना १८६५ सालच्या शेअरबाजाराच्या धुळधाणींत एकदां बुडाली होती. १९२० नंतर सरकारनें ती पुन्हां हातीं घेतली. त्या कामांतील उधळपट्टी व गैरव्यवहार खुरशेद नरिमन यांनीं निर्भयपणें चव्हाट्यावर आणले आणि योजना मूळ संकल्पाच्या मानानें पुष्कळच आटोपती घ्यावी लागली. पुढें त्याच भरावाच्या एका टोंकास ‘नरिमन पॉइंट’ हें नांव मिळालें, हा इतिहासाचा विनोदच म्हणावयाचा! भरावावर १९३० नंतरच्या दशकांत नव्या धाटणीच्या घरांची रांग उभी राहिली आणि जुन्या गॉथिक रांगेपुढें जणूं पडदा पडला. परंतु मधलें ओव्हल मैदान मोकळें राहिल्यामुळें आज तेथें उभें राहिलें असतां एका बाजूस एकोणिसावें व दुसऱ्या बाजूस विसावें शतक समोरासमोर दिसतें. या जोडीला २०१८ सालीं जागतिक वारशाचा मान मिळाला. त्याचें श्रेय शिल्पकारांइतकेंच त्या जुन्या तोफांसही द्यावयास हवें.

उत्तरेकडील रेषा मात्र निराळ्याच हातांनीं काढली. कावसजी दावर यांनीं १८५४ सालीं पहिल्या कापडगिरणीचा पाया घातल्यापासून परळ-लालबागच्या आकाशांत चिमण्या चढूं लागल्या. कोंकणांतून व घाटावरून आलेल्या माणसांचा दिवस त्यांच्या भोंग्यानें उगवे व मावळे. जानेवारी १९८२ मध्यें सुरू झालेल्या संपानंतर एकामागून एक गिरण्या थंड पडल्या. श्रीनिवास मिलच्या जागेवर आज २८० मीटर उंचीचें घर उभें आहे, म्हणजे राजाबाई टॉवरच्या तिपटीहूनही उंच. चिमणीखालीं हजारों लोक राबत. या मनोऱ्यांच्या छायेंत त्यांच्या नातवंडांस खोली मिळणेंही दुर्घट झालें आहे. आकाशरेषा खोटें बोलत नाहीं. पण जें पुसलें गेलें तें ती सांगतही नाहीं.

ही नवी रेषा पाहावयाची तर वांद्र्याचा किल्ला गांठावा. पोर्तुगीजांनीं तो १६४० सालीं बांधला. साष्टी मराठ्यांकडे आल्यावर १७७४ पर्यंत माहीमच्या खाडीअलीकडे मराठे व पलीकडे इंग्रज अशी स्थिति होती. पूर्वी येथून शत्रूचा मुलूख न्याहाळीत. आज २००९ सालीं खुला झालेला सागरी सेतु व त्यामागील वरळीचे मनोरे दिसतात. दक्षिण मुंबईसाठीं मलबार टेकडी अद्यापि अजोड आहे. तेथून सायंकाळीं मरीन ड्राइव्हचे दिवे लागतांना पाहिले म्हणजे ‘राणीचा हार’ हें नांव सार्थ वाटतें. बंदराची बाजू पाहावयाची असेल तर घारापुरीच्या लाँचींतून गेटवे व ताजमहाल हॉटेल मागें पडतांना पाहावें.

या जागांचें एक साम्य ध्यानांत घेण्याजोगें आहे. यांपैकीं एकही जागा शहर पाहण्यासाठीं म्हणून निर्माण झाली नाहीं. मैदान तोफांसाठीं राखलें, किल्ला पहाऱ्यासाठीं बांधला, मलबार टेकडीवरील १८८१ सालची बाग पाण्याच्या टाकीवर केली, मरीन ड्राइव्हचा कठडा लाटांसाठीं घातला. तेथें कोणास घर बांधतां आलें नाहीं, म्हणूनच तीं स्थळें सर्वांचीं राहिलीं आणि गिरणीकामगारासही बिनमोल शहर पाहतां आलें. आतां तोफा नाहींत व शत्रूही नाहीं. समुद्राचा देखावा खिडकीच्या हिशेबानें विकला जातो. जें पूर्वी अडचणीनें राखलें, तें यापुढें नागरिकांस जाणूनबुजून राखावें लागेल. नाहींतर शहर अधिकाधिक उंच होईल, परंतु तें उंच झालेलें पाहण्यास सामान्य माणसास उभें राहावयास जागा उरणार नाहीं.