सावा नदीखोरे करार

युगोस्लाव्हिया फुटल्यावर उदयास आलेल्या देशांनी सावा नदीचे पाणी, जलवाहतूक व पूरनियंत्रण यांसाठी केलेला करार. स्लोव्हेनिया, क्रोएशिया, बॉस्निया-हर्झगोव्हिना आणि तत्कालीन युगोस्लाव्ह संघराज्य (पुढे सर्बिया) यांनी ३ डिसेंबर २००२ रोजी क्रान्स्का गोरा येथे त्यावर सह्या केल्या. २९ डिसेंबर २००४ पासून तो अंमलात आला. त्याचे काम पाहणाऱ्या आयोगाचे सचिवालय झाग्रेबला आहे.

स्लोव्हेनियातील आल्प्समध्ये उगम पावून बेलग्रेडजवळ डॅन्यूबला मिळणारी सावा १९९१ पर्यंत एकाच देशाची नदी होती. युगोस्लाव्हिया फुटल्यावर तिच्या पात्रातून बरेच अंतर जाणारी क्रोएशिया व बॉस्निया यांची हद्द आंतरराष्ट्रीय सीमा बनली. युद्धात बॉस्नियातील बर्च्को येथील सावेवरचा पूल एप्रिल १९९२ मध्ये उडवला गेला, काठावर सुरुंग पेरले गेले, नौकानयन जवळपास बंद पडले. बॉस्नियातील युद्ध संपवणाऱ्या डेटन करारानंतर (१९९५) शांतता आली तरी संपूर्ण नदी पाहणारे कोणीच उरले नव्हते.

सरहद्द आखण्याच्या भानगडीत सावा करार पडत नाही, आणि हेच त्याचे खरे शहाणपण आहे. कालपर्यंत एकमेकांवर बंदुका रोखलेले देश पाण्याची पातळी, जलमार्गावरील खुणा, प्रदूषणाची मोजणी अशा रोजच्या कामांपासून बोलू लागले. आयोगात प्रत्येक देशाला एक मत असते, निर्णय मात्र एकमतानेच होतो. त्यामुळे कोणावर काही लादले जात नाही, पण कामही रेंगाळते. पूरसंरक्षणाच्या पुरवणी करारावर २०१० मध्ये सह्या झाल्या. तो लागू झाला २०१५ मध्ये.

दरम्यान मे २०१४ चा महापूर येऊन गेला. क्रोएशियात रायेवो सेलो येथे बांध फुटला आणि गुन्या गाव बुडाले. सर्बियात ओब्रेनोवाट्स पाण्याखाली गेले. बॉस्नियात पुराने व दरडींनी सुरुंग जागचे हलवले, धोक्याचे फलकही वाहून गेले. सुरुंगांच्या जुन्या नकाशांवर विसंबून शेतात उतरणे जिवावरचे झाले. त्यानंतर करारातील चार देश व माँटेनेग्रो अशा पाच देशांची सामाईक पूर-अंदाज यंत्रणा उभी राहिली आणि २०१८ मध्ये ती कार्यान्वित झाली. वरच्या अंगाला पडलेल्या पावसाची वर्दी आता खालच्या देशाला वेळेत मिळू शकते.

मोठी जहाजे चालावीत म्हणून पात्र खोल व सरळ करण्यास पर्यावरणवाद्यांचा विरोध आहे. त्यांचे म्हणणे असे की क्रोएशियातील लोन्यस्को पोल्येसारखी पूरमैदाने जादा पाणी पोटात घेतात, म्हणूनच खालची गावे तगतात. हा आक्षेप रास्त आहे.